जगभरची चांदीची नाणी आणि आपल्या घरचा रुपया

बंगळूरच्या यशवंतपूर भागात १८९१ साली लोहमार्गाचे काम चालू असता जमिनीतून चांदीची दीडशेहून अधिक नाणी निघाली. त्यांवरील मुद्रा कोणा दक्षिणी राजाची नव्हती. ती ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस ह्या रोमन सम्राटांची होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी ह्याने एक तक्रार लिहून ठेवली आहे : हिंदुस्थानच्या व्यापारापायी आपल्या साम्राज्यातून दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स निघून जातात! त्या पाच कोटींपैकी एक चिमूट यशवंतपूरच्या मातीत अठराशे वर्षांहून अधिक काळ पडून होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परदेशची चांदी ह्या शहरात येण्याची रीत अशी फार जुनी आहे. आजही बंगळूर हे नाण्यांच्या शौकिनांचे गाव आहे. येथे नाण्यांची प्रदर्शने भरतात, लिलाव होतात; ब्रंटन रस्त्यावर २०२० साली भारतीय कागदी चलनाचे एक स्वतंत्र संग्रहालयही उघडले. नाण्यांच्या छंदाला अनेक शाखा आहेत. त्यांपैकी एका शाखेचा परिचय आज वाचकांस करून द्यावयाचा आहे. ती शाखा म्हणजे निरनिराळ्या देशांच्या मोठ्या आकाराच्या रौप्यनाण्यांचा व स्मारक नाण्यांचा संग्रह. हा छंद कुटुंबाने मिळून करावा असा आहे. लहान नाण्यावरील झिजलेली अक्षरे भिंगाखाली धरून लावीत बसावी लागतात. तळहात व्यापणारे मोठे नाणे मात्र शाळकरी मुलालाही सहज वाचता येते, आणि ते हाती घेतल्याबरोबर त्याच्या वजनानेच मनात प्रश्न उभा राहतो : एवढी चांदी कोठून आली, आणि कोणाकोणाच्या हातांतून गेली?

थॅलर, डॉलर आणि रुपया

मोठ्या रौप्यनाण्याची युरोपातील कुळकथा बोहेमियातील जोआखिमस्थाल ह्या खाणीच्या गावापासून सुरू होते. १५२० च्या सुमारास तेथील चांदीची जाडजूड नाणी पाडण्यात येऊ लागली. गावाच्या नावावरून त्यांस 'थालर' किंवा 'थॅलर' म्हणू लागले, आणि ह्याच शब्दाचे रूप पालटत पुढे 'डॉलर' झाला. म्हणजे आज साऱ्या जगाच्या तोंडी असलेला हा शब्द मुळात एका खेड्याचा पत्ता आहे.

त्यानंतर १५४५ साली दक्षिण अमेरिकेत पोटोसीचा चांदीचा डोंगर स्पॅनिश लोकांच्या हाती लागला. तेथील व मेक्सिकोतील चांदीची आठ रियालांची नाणी जगभर पसरली. त्यांतील पुष्कळ सुरतेच्या बंदरात उतरली. परंतु ती त्या रूपात फार दिवस टिकली नाहीत. मुघलांच्या टांकसाळीत ती वितळवून त्यांचे रुपये पाडले जात. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढेही ती पुनःपुन्हा घडत गेली.

आपला रुपया ह्या परदेशी भावंडांपेक्षा आकाराने लहान, पण वाण्याच्या तागडीत पक्का. शेरशाहाच्या रुपयाचे वजन सुमारे साडेअकरा ग्रॅम होते. कंपनी सरकारने १८३५ साली सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. म्हणूनच आपल्या आज्या-पणज्या औषध असो की केशर, 'रुपयाभार' मोजीत. त्यापूर्वी मराठी मुलखात अंकुशी, चांदवडी असे नाना शिक्क्यांचे रुपये चालत. प्रत्येकाचा बट्टा निराळा, आणि तो ठरविणारा सराफ गावोगावी बसलेला. हैदराबाद संस्थानातील मराठवाड्यात तर हाली शिक्क्याचा हिशेब अगदी अलीकडच्या पिढीपर्यंत लोकांच्या तोंडी होता.

बंगळूरचाच एक हिशेब पाहा. १६३८ पासून हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. १६८७ साली मुघल सेनापती कासीमखान ह्याने ते घेतले आणि पुढे म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयारांस तीन लक्ष रुपयांस देऊन टाकले. त्या काळच्या रुपयाच्या वजनाने ही चांदी सुमारे साडेतीन हजार किलो भरते. एका शहराचे मोल तेव्हा असे खरोखर तोलून देता येत होते!

म्हैसूरच्या भूमीतही मोठे रौप्यनाणे निपजले. टिपू सुलतानाने श्रीरंगपट्टणच्या टांकसाळीत दोन रुपयांचे एक देखणे नाणे पाडविले. वजन सुमारे तेवीस ग्रॅम, नाव 'हैदरी'. एका रुपयास 'इमामी' म्हणत, आणि त्याखालील नाण्यांनाही अशीच धार्मिक थोर पुरुषांवरून नावे दिलेली होती. त्याच्या पुढील काळातील नाण्यांवर सनाचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले आढळतात. हे ठाऊक नसलेला नवखा संग्राहक सन वाचताना हमखास फसतो.

डॉलरचे रुपये झाले तेव्हा

आता ज्या घटनेमुळे आपल्या घरातील रुपयाचा थेट अमेरिकेशी संबंध जुळतो, ती सांगावयाची आहे.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी व इतर माल मोठ्या प्रमाणावर खरेदी होत होता आणि सैन्याचा खर्चही येथूनच भागत होता. त्या साऱ्याचे मोल रुपयांत द्यावे लागे. लोकांचा विश्वास वाजणाऱ्या रुपयावर. हाती आलेला रुपया गाडग्यात, कमरेच्या कशात किंवा जमिनीत जाई, आणि पुन्हा बाजारात म्हणून येत नसे. सरकारने १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली, १९१८ च्या आरंभी अडीच रुपयांचीही काढली. परंतु नोटा घेऊन आलेल्या माणसास रोख रुपये मोजून देण्याची जबाबदारी टळली नव्हती, आणि खजिन्यातील चांदी झपाट्याने आटत चालली होती.

अशा वेळी अमेरिकेच्या विधिमंडळाने २३ एप्रिल १९१८ रोजी 'पिटमन कायदा' संमत केला. अमेरिकन खजिन्यात चांदीच्या डॉलरांच्या थैल्या वर्षानुवर्षे रचून ठेवलेल्या होत्या. ह्या कायद्यान्वये सत्तावीस कोटींहून अधिक डॉलर वितळविण्यात आले, आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानसाठी ब्रिटनला विकण्यात आली. लाद्यांच्या रूपाने ती समुद्र ओलांडून आली. मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत तिचे रुपये झाले. अमेरिकन डॉलरचे वजन २६.७३ ग्रॅम, त्यात दहा भागांपैकी नऊ भाग चांदी. हिशेब केला तर एका डॉलरच्या चांदीत आपले सव्वादोन रुपये निघतात.

म्हणून आपल्या घरी १९१८, १९१९ किंवा १९२० सालचा पंचम जॉर्जचा रुपया असेल, तर त्याच्या धातूत जॉर्ज मॉर्गन नावाच्या कारागिराने कोरलेल्या स्वातंत्र्यदेवतेच्या डॉलरचा अंश असू शकतो. त्या रुपयाच्या मागील बाजूस तळाच्या फुलाजवळ बारीक ठिपका दिसल्यास तो मुंबईचा, न दिसल्यास कलकत्त्याचा समजावा. प्लिनीची तक्रार अठरा शतकांहून अधिक काळानंतर जणू पुन्हा खरी ठरली. फरक एवढाच की ह्या वेळी चांदी युद्धाच्या गरजेने आली.

ह्या कथेची दुसरी बाजूही आहे. वितळविलेल्या डॉलरांत कोणत्या सालचे किती होते, ह्याची नोंद त्या वेळी ठेवली गेली नाही. त्यामुळे अमुक सालचे इतके डॉलर पाडले असे टांकसाळीचे दप्तर सांगते, पण त्यांतील शिल्लक किती हे कोणालाच सांगता येत नाही. अमेरिकन संग्राहक आज काही सालांच्या डॉलरांसाठी जी धडपड करतात, तिचे एक कारण आपल्या देवघरातल्या रुपयात दडलेले आहे!

पुढे १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली निकेलचा रुपया निघाला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून पुन्हा चांदी उसनी घ्यावी लागली होती; ती फेडण्यासाठी स्वातंत्र्यानंतर अर्ध्या चांदीचे जुने रुपये गोळा करून त्यांतील चांदी वेगळी काढण्यात आली व परत पाठविण्यात आली. ज्या मार्गाने चांदी आली, त्याच मार्गाने ती गेली.

मुंबईच्या टांकसाळीतील परकी नाणी

आपल्या टांकसाळींनी केवळ परदेशी चांदी गिळली असे मात्र नाही. परक्या देशांसाठी मोठी नाणीही पाडून दिली. जागतिक संग्रहाची सुरुवात मुंबईच्याच नाण्यांनी करता येते, ही गोष्ट पुष्कळ नवशिक्यांस ठाऊक नसते.

चीन व मलाया येथील व्यापारासाठी १८९५ पासून ब्रिटिश 'ट्रेड डॉलर' पाडण्यात येऊ लागला. वजन २६.९५ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर. एका बाजूस हाती त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया उभी आहे. दुसऱ्या बाजूस चिनी लिपीत आणि अरबी वळणाच्या मलायी लिपीत 'एक डॉलर' असे लिहिलेले आहे. भिंग घेऊन त्रिशूळाचा मधला दाता न्याहाळावा. तेथे इवलेसे 'बी' हे इंग्रजी अक्षर दिसले, तर ते नाणे मुंबईचे! ह्या डॉलरांचा फार मोठा भाग मुंबईतच पाडला गेला. कित्येकांवर चिनी सावकारांनी पारख करून ठोकलेले लहान शिक्के आढळतात. काही संग्राहक अशा नाण्यांस खराब समजून बाजूस सारतात. परंतु आपल्याकडील सराफही जुन्या रुपयांवर अशाच खुणा ठोकीत असत. ती नाण्याची जखम खरी, पण त्याच्या प्रवासाचा दाखलाही तीच.

दुसरे नाणे त्याहून नवलाचे. ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा १७८० साली निवर्तली. तिच्या मुद्रेचा थॅलर अरबस्तान, येमेन, इथिओपिया ह्या प्रदेशांतील लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता की ते दुसरे नाणे हाती धरीनात. म्हणून तिच्या पश्चातही तोच चेहरा आणि तेच १७८० हे साल घेऊन ही नाणी निघतच राहिली. पारखी लोक सम्राज्ञीच्या शिरोभूषणातील मोती मोजून खरे-खोटे ठरवीत. १९३५ साली इटलीने ह्या नाण्याचे साचे मिळविले; त्यानंतर लंडन, पॅरिस अशा अनेक टांकसाळींनी ते पाडावयास घेतले, आणि १९४० व १९४१ साली, युद्धाची झळ आफ्रिकेस लागली असता, मुंबईच्या टांकसाळीने असे दीड कोटीहून अधिक थॅलर पाडले. फोर्टमध्ये पाडलेले नाणे, त्यावर व्हिएन्नाच्या राणीचा मुखवटा, साल दीडशे वर्षांपूर्वीचे, आणि ते चालावयाचे अदिस अबाबाच्या बाजारात! वजन २८.०७ ग्रॅम, सहा भागांपैकी पाच भाग चांदी.

स्मारक नाणी

चलनात फिरण्यासाठी पाडलेले नाणे एक, आणि एखाद्या व्यक्तीच्या किंवा घटनेच्या स्मरणार्थ काढलेले नाणे दुसरे. स्वतंत्र भारताचे पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाले. ते एक रुपया व पन्नास पैसे अशा दोन मूल्यांत होते. महात्माजींच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, दहा रुपयांचे रौप्यनाणे निघाले. त्याचे वजन पंधरा ग्रॅम व त्यात बारा ग्रॅम चांदी. पुढे १९७३ साली अन्नधान्य वाढविण्याचा, १९७४ साली नियोजित कुटुंब व सर्वांसाठी अन्न असा संदेश देणारी मोठी नाणी आली. त्या दशकात देशाला कशाची चिंता होती, हे ह्या नाण्यांच्या रांगेवरून एखाद्या पुस्तकाइतके स्पष्ट वाचता येते. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरास सहस्र वर्षे झाली त्या निमित्ताने एक हजार रुपयांचे नाणे काढण्यात आले. २०२३ साली नव्या संसद भवनाच्या उद्घाटनप्रसंगी पंचाहत्तर रुपयांचे नाणे निघाले. ह्या शेवटच्या नाण्याचा व्यास ४४ मिलिमीटर, वजन ३५ ग्रॅम. त्यात निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि निकेल व जस्त प्रत्येकी पाच टक्के. १९४० च्या रुपयाचे मिश्रणही हेच होते.

अशी नाणी सरकारी टांकसाळींकडून थेट मागविता येतात, व तेच श्रेयस्कर. दुकानात किंवा जाहिरातीत 'स्मारक नाणे' म्हणून विकली जाणारी प्रत्येक चकती नाणे नसते. कोणत्या देशाच्या सरकारने ते काढले, त्यावर मूल्य आहे काय, चांदीचे प्रमाण किती, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून पैसे मोजू नयेत. काही छोट्या देशांच्या नावाने संग्राहकांसाठीच निघालेली रंगीबेरंगी नाणी त्या देशातील बाजाराने कधी पाहिलेलीही नसतात. ती आवडली तर अवश्य घ्यावीत. मात्र नातवंडांची पुंजी म्हणून घेऊ नयेत.

संग्रहाचा आरंभ

आरंभ घरापासून करावा. जुन्या डब्यात, आजीच्या पेटीत, देव्हाऱ्यात जे रुपये असतील ते एकत्र काढावेत आणि वजन, व्यास, साल ह्यांची नोंद करावी. दशांश ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा छोटा काटा व एक भिंग एवढे साहित्य पुरे. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट फार आहे. ट्रेड डॉलर व अमेरिकन डॉलर ह्यांच्या नकला तर सर्रास मिळतात. वजनात अर्धा ग्रॅम कमी भरला, लोहचुंबकास नाणे चिकटले, किंवा कडेच्या रेघा मध्येच तुटक दिसल्या, तर ते नाणे परत करावे. वाजवून घेतल्याखेरीज रुपया न घेण्याची आपल्या पूर्वजांची सवय काही उगाच नव्हती; चांदीचा नाद लांबतो, हलक्या धातूचा चटकन विरतो.

दुसरी गोष्ट स्वच्छतेची, आणि ती गृहिणींना मुद्दाम सांगावयाची आहे. चांदीची भांडी आपण चिंचेने, राखेने, रांगोळीने घासून लख्ख करतो. नाण्यास मात्र ही माया कदापि दाखवू नये. चांदीवर कालांतराने चढलेली निळसर-करडी छटा ही घाण नव्हे. तो तिच्या वयाचा रंग होय. एकदा घासलेले नाणे चमकते खरे, पण त्यावरील बारीक कोरीव काम कायमचे बोथट होते आणि जाणता ग्राहक त्यास हात लावीत नाही. लक्ष्मीपूजनासाठी एखादा रुपया निराळा ठेवावा. दही-पंचामृताचे स्नान त्यास खुशाल घालावे. संग्रहातील नाण्यास ते नको. नाणे नेहमी कडेने धरावे. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या, रबराचे पट्टे व वर्तमानपत्राचे कागद ह्यांपासून चांदी दूर ठेवावी. आम्लरहित कागदाची पाकिटे किंवा कडक पारदर्शक डब्या वापराव्यात.

तिसरी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे आपल्या देशात 'पुरावस्तू' ठरते. १९७२ च्या कायद्यान्वये खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. शेतात किंवा घराच्या पायात नाण्यांचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांस द्यावी लागते. यशवंतपूरच्या नाण्यांची कथा आज आपणांस सांगता येते, ती त्या सापडण्याची नोंद झाली म्हणूनच.

अधिक अभ्यास करावयाचा असेल त्यांनी मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलनसंग्रहालय पाहावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे तर नाणकशास्त्राच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र संस्था १९८० पासून आहे.

वितळलेले नाणे

चांदीचा भाव चढला की जुन्या नाण्यांवर संकट येते. १९८० च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या जवळ पोहोचली, तेव्हा जगभर घराघरांतून नाणी बाहेर निघाली व मुशीत गेली. आपल्याकडेही तेच घडते. भाव वाढल्याचे कानी येताच घरातील जुने रुपये रुमालात बांधून पेठेत नेले जातात आणि साऱ्यांचे मोल एकाच काट्यावर ठरते. घरच्या अडचणीसाठी चांदी मोडणे ह्यात कमीपणा काही नाही. अडीनडीला उपयोगी पडावी म्हणूनच तर वडीलधाऱ्यांनी ती जपलेली असते. परंतु मोडण्यापूर्वी एक संध्याकाळ त्यांच्यासाठी अवश्य काढावी. सारी नाणी पाटावर मांडून साले वाचावीत. एखादे साल दुर्मीळ असते आणि त्याचे मोल चांदीच्या भावाच्या कितीतरी पट भरते. तेवढे निवडून जाणकारास दाखवावे.

मग जे मोडावयाचे ते मोडावे. पण प्रत्येक प्रकारचे एक तरी नाणे मागे ठेवावे. ते कोणी मिळविले, कोणत्या लग्नात आले, कोणाच्या पगारातून शिल्लक पडले, हे घरातील वृद्धांस विचारून चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी नाण्याबरोबर पाकिटात घालावी. लंडनचा किंवा व्हिएन्नाचा थॅलर पैसे मोजून केव्हाही आणता येईल. आजोबांच्या पहिल्या पगारातला १९१९ चा रुपया एकदा मुशीत गेला म्हणजे तो कोणत्याही लिलावात मिळावयाचा नाही.